हजेरीऐवजी

टेबलावर चार पेट्रीडिश होत्या, झाकणांसकट. पाच टेस्ट ट्यूब, प्रत्येकीत नऊ मिलिलिटर निर्जंतुक पाणी. पत्र्याच्या उभ्या डब्यात आठ पिपेट. एक बर्नर, एक काडेपेटी, काचेवर लिहायचं एक पेन. गरम पाण्याच्या टाकीत अठ्ठेचाळीस अंशांवर पातळ अगारचा, म्हणजे जंतू वाढवायच्या जेलीचा, एक चंबू. निळ्या बुचाच्या बाटलीत कुठल्यातरी तळ्याचं पाणी. आणि एक स्टूल, ज्यावर आई बसायला तयार नव्हती.

"बसा ना बाई," बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले. "दोन तास आहेत."

"उभ्यानंच बरं साहेब. बसले की माझे हात झोपतात."

परीक्षकांनी एक चष्मा काढून दुसरा घातला आणि हात मागे बांधून उभे राहिले.

मी शेजारच्या धुण्याच्या खोलीत होते. प्रयोगशाळा आणि ही खोली यांच्या मधल्या भिंतीत काचसामान द्यायघ्यायची सरकती खिडकी आहे. मी त्याच कॉलेजातून पदवी घेऊन तिथेच वर्षभरासाठी प्रयोगशाळा सहायक म्हणून लागले होते. त्या दिवशी परीक्षार्थी एकच होती आणि ती माझी आई होती. विभागप्रमुख मॅडमनी सकाळीच बजावलं होतं, "दुसरं माणूस नाही म्हणून तुला ठेवतेय. खिडकी उघडी, तोंड बंद. मागतील ते द्यायचं, सुचवायचं काही नाही. तुझी भुवई हलली तरी मी परीक्षा रद्द करेन."

"मॅडम, ती माझं ऐकत असती तर ही परीक्षाच झाली नसती," मी म्हणाले.

ते खरं होतं.

कॉलेजचा नियम साधा होता. कुठल्याही विषयाच्या परीक्षेला बसायचं तर त्या विषयाच्या तासांना पंचाहत्तर टक्के हजेरी हवी. सूक्ष्मजीवशास्त्रात आईची भरली अठ्ठावन्न.

आई एका मोठ्या रुग्णालयाच्या तळघरात काम करते. शस्त्रक्रियेत वापरलेल्या कात्र्या, चिमटे, गाऊन, सगळं वरून खाली येतं. तिथे ते धुतात, पुडक्यांत बांधतात, ऑटोक्लेव्हमध्ये दाबाच्या वाफेवर निर्जंतुक करतात आणि परत वर पाठवतात. हे ती एकोणीस वर्षं करते आहे. रुग्णालयात तिला 'वाफवाल्या बाई' म्हणतात आणि तिला ते आवडतं. तळघरात कुठेही न लिहिलेले नियम आहेत. ओलं पुडकं बाद. पडलेलं पुडकं बाद. पडलं की नाही यावर दोघींचं भांडण झालं, तरी बाद. एकदा एका सर्जननी ओलं पुडकं चालवून घेतो म्हणून फोन केला. आई म्हणाली, "साहेब, तुम्ही ओल्या कपड्यांत वर जा, मग मी ओलं पुडकं पाठवते." तिची तक्रार झाली आणि त्या वर्षी तिची बढती हुकली. ही गोष्ट ती पाहुण्यांना हमखास सांगते, बढतीचा भाग गाळून.

मी कॉलेजात शिकत असताना ती माझी पुस्तकं वाचायची. मी पदवी घेऊन बाहेर पडायच्या आधीच तिने त्याच अभ्यासक्रमाला नाव घातलं. माझीच पुस्तकं, माझाच एप्रन. मी तिच्याहून उंच, त्यामुळे एप्रनच्या बाह्या तिला तळहातापर्यंत येत. ती त्या दोनदा दुमडून घ्यायची.

"कापून देते," मी म्हटलं होतं.

"कशाला? तू काय एप्रन कायमचा देऊन टाकलायस का मला?"

शेवटच्या वर्षी तिच्या विभागाची पर्यवेक्षक नोकरी सोडून गेली. जागेला पदवी लागत होती. मेट्रननी आईला बोलावून सांगितलं, "या वर्षीचा तुझा निकाल लागेपर्यंत मी जागा भरत नाही. पदवी आण आणि बस त्या खुर्चीवर. पण त्याच्यापुढे थांबवणं माझ्या हातात नाही." खुर्ची रिकामी झाली म्हणजे काम काही रिकामं झालं नाही. ते आईच्या अंगावर आलं, दुपारच्या पाळीसकट. सूक्ष्मजीवशास्त्राची प्रॅक्टिकलं दुपारीच असत. ज्या जागेसाठी ती शिकत होती, तीच जागा तिला तासांना जाऊ देईना.

वर्गातली मुलं तिला काकू म्हणत. मागच्या बाकावरच्या एका मुलीला सगळ्यांच्या नकला येत. तिने दोन प्रॅक्टिकलांना आईच्या घोगऱ्या आवाजात "हजर" म्हणून टाकलं. सरांनी मानही वर केली नाही. आईला कळलं तसं ती सरांकडे गेली आणि दोन्ही खुणा खोडायला लावल्या.

"पण बाई, आवाज तुमचाच होता," सर म्हणाले.

"आवाज माझा असेल. मी नव्हते."

ती मुलगी रुसली. "काकू, कुणी उपकार केला तर नुसता घेता येत नाही का तुम्हाला?"

"घेते की. वही दे तुझी, उतरवून घेते," आई म्हणाली. वही घेतली, आणि परत देताना तिच्या आकृत्यांतल्या दोन चुकाही दाखवल्या. मुलगी आणखी रुसली.

मग मॅडमनी आईला बोलावलं. मी काचसामान द्यायच्या निमित्ताने तिथे उभी राहिले. मॅडमना निमित्त कळलं होतं, पण त्यांनी मला हाकललं नाही.

"तीन रस्ते आहेत," मॅडम म्हणाल्या. "एक, पुढच्या वर्षी हा विषय पुन्हा घ्यायचा."

"मग खुर्ची गेली."

"दोन, अनुभवाचे श्रेयांक. रुग्णालयाचं एक पत्र आणा, एकोणीस वर्षं निर्जंतुकीकरण करताय म्हणून. समितीपुढे मी ठेवते. या विषयाचे चारही श्रेयांक मिळतील. परीक्षा नाही, प्रयोग नाही, हजेरीचा प्रश्न नाही."

मी मनातल्या मनात पत्राचा मजकूरसुद्धा तयार केला. आईने पदराशी चाळा केला. "मॅडम, या विषयात शिकवतात काय?"

"अहो, अर्ध्याहून जास्त तास बसलात की तुम्ही."

"बसले म्हणूनच विचारते. जंतू वाढवायचे, ओळखायचे, मोजायचे. बरोबर? मी एकोणीस वर्षं मारलेत. वाढवलेला एकही नाही. मग अनुभव कशाचा लिहिणार?"

मॅडम हसल्या. "लोक अनुभव फुगवून सांगतात. तुम्ही कमी करून सांगताय."

"कमी नाही हो, भरपूर आहे. पण वेगळा आहे. तिसरा रस्ता कुठला?"

तिसरा रस्ता म्हणजे आव्हान परीक्षा. मुलं तिला 'उडी' म्हणत. हजेरी कितीही असो, बाहेरच्या परीक्षकासमोर प्रयोग करून दाखवायचा. पन्नासपैकी तीस मिळाले तर विषयाचे सगळे श्रेयांक. एकोणतीस मिळाले तर काही नाही, आणि त्या विषयात उडी दुसऱ्यांदा मारता येत नाही. मी असताना कुणी मारलेली मला आठवत नव्हती.

"तीच लिहा," आई म्हणाली.

जिन्यात मी तिला गाठलं. "आई, तुला वेड लागलंय का? हातात येत होतं ना!"

"येत होतं."

"मग?"

"उद्या मी त्या खुर्चीवर बसणार. एखादी नवी मुलगी विचारेल, बाई, वरून अहवाल आलाय, हा जंतू कुठला, किती निघाले म्हणजे काळजी करायची? मी काय तिला पत्र दाखवू?"

"वाचून सांग. पुस्तकं आहेत."

"पोहणं वाचून येतं का गं?" ती म्हणाली आणि दोन पायऱ्या पुढे गेली. मग वळून, हळू आवाजात, "हे बघ, मला भीती वाटत नाहीये असं समजू नकोस. वाटतेय. आता घरी चल आणि शिकव."

बाबा दुकानांच्या पाट्या रंगवतात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि ब्रश धुता धुता म्हणाले, "तुझ्या आईला सपाट रस्ता दाखवला की ती विचारते, घाट कुठून चढायचा?"

"तुम्हाला काय करायचंय? चढणार मी," आई म्हणाली.

"खाली उभं राहून वर बघायचं. मानेला त्रास होतो."

स्वयंपाकघराच्या टेबलावर सराव सुरू झाला. डिशऐवजी बश्या, झाकणांऐवजी त्याहून मोठ्या बश्या, अगारऐवजी साखरेची जेली आणि बर्नरच्या जागी मेणबत्ती. पिपेट तेवढी खरी, मॅडमनी फुटक्या टोकाची एक दिली होती. आई पुडकं डोळे मिटून बांधू शकते, पण पिपेट तिच्या हातात रुसायची. खुणेवर पाणी थांबायचं नाही. चंबू तिरका केला की जेली भसकन यायची, नाहीतर येता येता गोठायची. झाकण ती पूर्ण उचलायची, आणि मी ओरडायचे, "किलकिलं! दार उघडून भिकाऱ्याला बघतात तेवढंच!"

"असं कुठल्या पुस्तकात लिहिलंय?"

"तूच म्हणायचीस, मी लहान असताना."

बिघडलेल्या बश्या बाबा खात. आठवड्याने त्यांनी जाहीर केलं, "पँट घट्ट झाली. निष्कर्ष लिहून घ्या, जंतू पौष्टिक असतात."

पण हात स्थिर झाला तो बाबांमुळेच. एका सुट्टीच्या दुपारी ते बराच वेळ तिच्या मनगटाकडे बघत राहिले. "तू श्वास धरतेस," ते म्हणाले. "नवशिके पेंटर पण धरतात. धरला की हात थरथरतो. मी रेघ ओढताना श्वास सोडत जातो. रेघ संपली की श्वास संपला पाहिजे."

आईने त्यांच्याकडे पाहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण बाबांनी तिला काही शिकवलेलं मी पाहिलं नव्हतं. तिने चंबू उचलला, श्वास सोडत ओतला. जेली बशीत गोल पसरली, काठापर्यंत, सारखी.

"ही पण खाऊ का?" बाबांनी विचारलं.

"हात लावून तर बघा," आई म्हणाली.

आता ती खऱ्या टेबलापाशी उभी होती. काम असं होतं. तळ्याचं पाणी पायरीपायरीने शंभर पट पातळ करायचं. त्यातलं एक मिलिलिटर डिशमध्ये घालायचं, वर अगार ओतायचा, अशा तीन डिश. चौथी डिश कंट्रोलची. तिच्यात तळ्याचं पाणी नाही, फक्त निर्जंतुक पाणी आणि अगार. सगळ्या डिश दिवसभर उबेत ठेवायच्या. तीन डिशमध्ये जेवढे जंतू पडले असतील तेवढे ठिपके उगवतात, ते मोजायचे. कंट्रोलमध्ये काहीच उगवायला नको. एक जरी ठिपका आला, तरी तो जंतू तुमच्या हातातून, श्वासातून, हवेतून आत गेला असा अर्थ होतो, आणि मग बाकीच्या तीन आकड्यांनाही किंमत उरत नाही.

आईने आधी कंट्रोल केली. मग पातळ करण्याचं काम. तिचा वेग माझ्या पहिल्या वर्षाच्या मुलांपेक्षाही कमी होता. पण पाणी खुणेवर थांबत होतं, आणि ओतताना तिचे ओठ किंचित उघडे होते. श्वास सुटत होता. पहिली डिश झाली. तिने ती टेबलावर हलकेच गोल फिरवली आणि बाजूला ठेवली. दुसरी झाली. चंबू टाकीत परत ठेवताना तिचा उजवा हात हवेतच थांबला.

एप्रनची उजवी बाही सुटून तळहातापर्यंत आली होती. बाहीच्या कडेला पाण्याचा एक ठिपका होता, तांदळाच्या दाण्याएवढा.

तिने चंबू ठेवला. दोन्ही बाह्या कोपरापर्यंत वर केल्या. मग पेन उचललं, दुसऱ्या डिशच्या झाकणावर 'बाद' असं लिहिलं आणि ती टाकाऊ सामानाच्या तसराळ्यात ठेवली.

"हे काय केलंत?" परीक्षकांनी विचारलं.

"पिपेट बाहीला लागली असावी."

"मी बघत होतो. मला लागलेली दिसली नाही."

"मलाही दिसली नाही. ठिपका दिसला."

परीक्षक जवळ आले, वाकून बाही पाहिली. "थेंब गळूनही पडला असेल."

"असेल."

"मग?"

"असेल म्हणजे माहीत नाही. माहीत नाही म्हणजे बाद."

"पहिल्या डिशच्या वेळी लागलं नसेल कशावरून?"

"तेव्हा बाही वर होती. दुसरीच्या वेळी सुटली."

ते सरळ उभे राहिले. मग नियमाचं बोलले, आणि ते बरोबरच होतं. "बाई, डिश चारच मिळतात. जादा देता येत नाही. मोजणीचे गुण डिशला पाच असे आहेत. तिचे पाच मी तुम्हाला देऊ शकणार नाही."

"नका देऊ."

खिडकीच्या चौकटीवर माझी बोटं पांढरी पडली होती. भुवई मात्र मी हलू दिली नाही.

तिसरी डिश नीट झाली. तोंडी परीक्षा तेवढी नीट झाली नाही. "जंतूंना वाढायला काय काय लागतं?" असं विचारल्यावर आईने ओलावा सांगितला, उष्णता सांगितली, आणि मग गाडी आपोआप किती अंशांना, किती दाबाला, किती मिनिटांत ते मरतात यावर गेली.

"मी वाढायला काय लागतं ते विचारलं," परीक्षक म्हणाले.

"हो हो. चुकलं. जुनी सवय." तिने कपाळावरचा घाम दंडाने पुसला. "साहेब, अन्न राहिलं सांगायचं. अन्न लागतं."

नियमाप्रमाणे पहिल्या दिवसाचे गुण दाखवून सही घ्यायची होती. हाताच्या कौशल्याला पंधरापैकी दहा. तोंडीला दहापैकी पाच. उद्या दोन डिशची मोजणी बिनचूक आली तर आणखी दहा. झाले पंचवीस. उरले कंट्रोलचे दहा, आणि ते अर्धे मिळत नाहीत. स्वच्छ निघाली तर दहा, नाहीतर शून्य.

आईने आकडे वाचले, सही केली, आणि एप्रन काढून दुपारच्या पाळीला निघून गेली.

संध्याकाळी मी बाबांना सगळं सांगितलं. ते एका पाटीवर पिवळा हात देत होते. ऐकता ऐकता ब्रश थांबला.

"कुणी पाहिलं नव्हतं?"

"कुणीच नाही. परीक्षक स्वतः म्हणाले."

"आणि तिने स्वतः टाकली."

"स्वतः. झाकणावर लिहून."

बाबांनी ब्रश पुन्हा रंगात बुडवला. "ताठ आहे," ते म्हणाले. मग खूप वेळाने, पाटीकडेच बघत, "अक्षर कसं होतं गं? झाकणावरचं?"

"काय?"

"बाद लिहिलं ना तिने. हात थरथरला होता का?"

"नाही," मी म्हणाले. "ठसठशीत होतं."

त्यांनी मान हलवली आणि काम पुढे सुरू केलं. त्या रात्री त्यांनी आईच्या एप्रनच्या बाह्या मोजून कापल्या आणि टाके घातले. मला विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी परीक्षकांनी इन्क्युबेटरचं दार उघडलं आणि डिश टेबलावर मांडल्या. मॅडम दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. आईने डिशकडे पाहिलं.

"साहेब, तीन हव्यात. या चार आहेत."

"चौथी तुमची बाद केलेली. मीच आत ठेवली होती." ते थोडे ओशाळले. "मला बघायचं होतं."

आई पहिल्या डिशवर वाकली. उलट्या बाजूने काचेवर पेनाने एकेक ठिपक्याला टिंब देत, पुटपुटत मोजत गेली. पिवळसर, गोल, टाचणीच्या डोक्याएवढ्या कॉलनी. तिने आयुष्यात पहिल्यांदा वाढवलेले जंतू. "एकशे अठरा," ती म्हणाली. परीक्षकांनी मोजले. एकशे अठरा. तिसऱ्या डिशमध्ये तिने एकशे सव्वीस मोजले आणि त्यांचेही तेवढेच आले.

मग परीक्षकांनी बाद केलेली डिश स्वतः मोजली. "एकशे एकवीस," ते म्हणाले. "दोघींच्या मधला आकडा. वेगळ्या जातीची एकही कॉलनी नाही. बाहीवरून काही आलेलं नाही, बाई."

"बरं झालं," आई म्हणाली.

"आता ऐका. परीक्षार्थीने सादर केलेल्या डिश मोजाव्यात, असा नियम आहे. तक्ता मी अजून भरलेला नाही. तुम्ही ही सादर करते म्हणालात, तर मला धरता येईल. पाच गुण."

पंचवीस अधिक पाच. मग कंट्रोल कशीही निघो. हे गणित मला लागलं, मॅडमना लागलं, आणि आईला लागलं हे तिच्या मानेवरून कळलं. मी खिडकीत उभी राहून मनात तिला हो म्हणायला सांगत होते, अगदी हात जोडून.

"ती काल बाद झाली, साहेब," आई म्हणाली.

"पण चांगली निघाली ना?"

"आज निघाली. काल मला माहीत नव्हतं. आमच्याकडे पुडकं चांगलं होतं की नाही ते पेशंटच्या टाक्यांवर कळतं. तेव्हा कळून काय करायचं?"

परीक्षकांनी तिच्याकडे पाहिलं, मग तक्त्यात दुसऱ्या डिशसमोर आडवी रेघ मारली. "कंट्रोल," ते म्हणाले.

आईने कंट्रोलची डिश उचलली. बाह्या मनगटावर नेमक्या बसल्या होत्या. तिने डिश खिडकीच्या उजेडाकडे धरली, माझ्याच दिशेने. अगार फिकट, पारदर्शक. त्यातून मला तिचा चेहरा दिसत होता. आणि कडेपासून बोटभर आत एक ठिपका दिसत होता.

तिलाही दिसला. तिने डिश फिरवली. ठिपका बरोबर फिरला.

मी एकदम मागे सरले. हातातला चंबू नळावर आपटला, पण फुटला नाही. मॅडमनी डोळे मिटले.

"साहेब," आई म्हणाली. आवाज घोगरा होता, पण नेहमीसारखाच. "इथे काहीतरी आहे. बघून घ्या."

तिने डिश त्यांच्या हातात दिली आणि बोटाने जागा दाखवली. परीक्षकांनी चष्मा बदलला. डिश काळ्या कागदावर ठेवून भिंग लावलं. मग तिरकी करून पाहिली, मग उलटी. आई टेबलाजवळ सरळ उभी होती, दोन्ही हात बाजूला सोडून. तिने स्टुलाकडे पाहिलं नाही. मी तिला इतकी वर्षं पाहते आहे, पण ती एवढी उंच कधी दिसली नव्हती.

परीक्षकांनी सुई बर्नरवर लाल केली, गार होऊ दिली, झाकण किलकिलं केलं आणि ठिपक्यात टोचली. ठिपका फुटला. आत पोकळ होता. अगार ओतताना अडकलेला हवेचा बुडबुडा.

त्यांनी सुई ठेवली. तरीही डिश पुन्हा काळ्या कागदावर घेतली आणि सगळा गोल, कडेपासून मध्यापर्यंत, भिंगाखालून एकदा सरकवला. मग पेन उचललं आणि कंट्रोलसमोर, कॉलनींच्या संख्येच्या रकान्यात, आकडा लिहिला.

०